विहिरीवरून रस्त्यावर

नगरहून सोलापूरकडे निघालेला रस्ता रुईछत्तिशी आणि घोगरगाव मागे टाकून कर्जत तालुक्यात उतरतो, मिरजगावच्या पेठेतून जातो आणि माहीजळगावावरून करमाळ्याची वाट धरतो. या मुलखात त्या रस्त्याला जे मोल आले, त्याचे मूळ लोहमार्गांच्या आखणीत आहे. दौंड-मनमाड हा फाटा १८७८ साली चालू झाला तो श्रीगोंद्याच्या अंगाने नगरला गेला; पुण्याहून सोलापूरला जाणारी त्याआधीची आगगाडी भिगवण, जेऊर, कुर्डुवाडी अशी दक्षिणेकडून गेली; आणि या दोन रुळांच्या बेचक्यात कर्जत-जामखेडचा जो पर्जन्यछायेतला, शाळूच्या पिकावर जगणारा टापू उरला, त्यातील मिरजगावासारख्या पेठांच्या वाट्याला ना स्टेशन आले ना मालधक्का. धान्य, मीठ, रॉकेल, कापड, जनावरे, पुढे कांदा आणि दूध, जे काही आले-गेले ते रस्त्याने. आधी बैलगाडीने आणि मग मोटारीने. मोटार बंद पडली की पेठेचा व्यवहार अडे, आणि म्हणून ती पुन्हा चालू करणाऱ्या मिस्त्रीच्या कसबाचा इतिहास हा अशा गावाच्या इतिहासाचाच एक भाग आहे. त्या कसबातला एकच धागा येथे उलगडायचा आहे: जुन्या पिकअप गाडीच्या इंजिनाला डिझेल पुरेशा दाबाने का पोहोचत नाही, याचा तपास माणसे कसा करू लागली आणि ती विद्या त्यांना कोठून मिळाली.

पहिल्या पिढीच्या मोटारींना इंधनाच्या दाबाचा प्रश्नच फारसा पडत नव्हता, कारण त्यांच्यात पंप नव्हता. १९०८ ते १९२७ या काळात जगभर पसरलेल्या फोर्डच्या ‘टी’ मोटारीत पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असे आणि तेथून पेट्रोल केवळ स्वतःच्या भाराने कार्बुरेटरात उतरे. टाकी अर्धीअधिक रिकामी असता तीव्र चढ लागला की इंजिन टाकीपेक्षा उंच जाई आणि पेट्रोल खुंटे. अशा वेळी मोटार फिरवून उलटी चढवण्याची युक्ती त्या काळच्या चालकांना सर्वत्र ठाऊक होती. कमी दाबाच्या दोषाचे हे आद्य रूप म्हणावे लागेल, आणि त्याचा उपायही किती सरळ होता पाहा: टाकी वर, इंजिन खाली. ही साधी मांडणी ध्यानात ठेवावी, कारण पुढे अर्धशतकाने ती याच मुलखात एका वेगळ्या वाटेने पुन्हा अवतरणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाने मोटारविद्या खेड्यांच्या वेशीपर्यंत आणली. युद्धकाळात पेट्रोलवर नियंत्रण आले, परवान्यावाचून ते मिळेना, तेव्हा मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसची भट्टी बसवून त्या रेटाव्या लागल्या. आणि युद्ध संपताच सैन्याच्या जादा जीपगाड्या व लॉऱ्या सरकारी विक्रीतून खाजगी मालकांच्या हाती आल्या. नगर तर लष्करी छावणीचेच शहर. चिलखती दलाचे प्रशिक्षण केंद्र १९४८ मध्ये तेथे आले आणि सैन्याच्या वाहनांची पारख करणारी संस्थाही फाळणीनंतर चकलाल्याहून नगरला हलली. त्याच वर्षी, १ जून १९४८ रोजी, राज्य परिवहनाची पहिली गाडी पुणे आणि नगर यांच्यामध्ये धावली. अशा रीतीने अवघ्या दोन-तीन वर्षांत या जिल्ह्यात वाहनांची, त्यांच्या सुट्या भागांची आणि ती उघडून जोडणाऱ्या हातांची जी दाटी झाली, तिचा प्रसाद नगरपासून पन्नासेक किलोमीटरवरच्या गावांपर्यंत पाझरणे स्वाभाविक होते.

जीपगाडीत टाकी आसनाखाली, इंजिन पुढे, आणि दोहोंच्या मध्ये इंजिनाच्या कुशीला बसवलेला एक छोटा पंप असे. मिस्त्री त्याला आजही ‘एसी पंप’ म्हणतात. आत कापडी पडद्याची एक चकती. कॅमच्या प्रत्येक फेऱ्याला ती खाली ओढली जाई आणि स्प्रिंगच्या जोराने वर येई. या हालचालीतून चौरस इंचाला तीन-चार पौंड इतकाच दाब निर्माण होई, पण कार्बुरेटरला तेवढा पुरे. पडदा जुना होऊन चिरला की पेट्रोल वर जाण्याऐवजी इंजिनाच्या ऑइलमध्ये झिरपे; म्हणून गाडी दम टाकू लागली की जाणता मिस्त्री आधी ऑइलची पट्टी बाहेर काढून नाकाशी धरी. चैत्र-वैशाखात, नगर-सोलापूर रस्त्यावर दुपारी, उन्हाने तापलेल्या पंपात पेट्रोलची वाफ होई आणि पंप वाफच ढकलीत राही. तेव्हा पंपावर ओले फडके गुंडाळून झाडाच्या सावलीत थांबण्यावाचून गत्यंतर नसे. हे दोष खरे होते, परंतु त्यांचा शोध लावायला फार खोल विद्या लागत नव्हती. खरी कसोटी डिझेलने आणली.

आणि डिझेल या गावांत रस्त्याने आले नाही. ते विहिरीवर आले. माझ्या मते या कसबाच्या इतिहासातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि कारखान्यांच्या व मोटारकंपन्यांच्या कीर्तीत ती झाकोळून जाते. पाचशे मिलिमीटरांच्या आसपास, तोही बेभरवशाचा, पाऊस पडणाऱ्या या तालुक्यात विहीर हाच शेतकऱ्याचा आधार होता, आणि मोटेऐवजी इंजिन बसवणे ही त्याची पहिली यांत्रिक महत्त्वाकांक्षा होती. साताऱ्याच्या कूपर कारखान्याची आणि १९४६ साली पुण्याजवळ खडकीला स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची एकसिलिंडरी डिझेल इंजिने विहिरींच्या काठांवर बसू लागली. मामलेदार कचेरीतून मिळणारी तगाई, सावकाराचे कर्ज, किंवा सहकारी सोसायटीची उचल, यांपैकी काहीतरी करून शेतकरी इंजिन घेई. खेड्यांत वीज पोहोचेपर्यंत, आणि कित्येक ठिकाणी ती पोहोचल्यावरही, या इंजिनांचा ठोका शिवारभर ऐकू येत असे.

त्या इंजिनाची मांडणी पाहावी. वर एका कठड्यावर डिझेलची टाकी, तिच्याखाली गाळणी, गाळणीखाली इंजेक्शनचा पंप, आणि तेथून जाड भिंतीची बारीक पोलादी नळी नोझलपर्यंत. टाकीपासून पंपापर्यंत डिझेल स्वतःच्या भाराने येते, आणि पंपाचा प्लंजर त्याला शंभराहून अधिक किलोंच्या दाबाने नोझलमधून उडवतो. या दोन दाबांतले अंतर हेच साऱ्या विद्येचे सार आहे: मोठा दाब पंपाचा, पण तो निर्माण व्हावा म्हणून पंपापाशी लहानसा, अखंड पुरवठा हवा, आणि त्या पुरवठ्यात हवेचा एक बुडबुडा जरी शिरला तरी प्लंजर बुडबुडाच दाबीत बसतो, कारण हवा दबते आणि डिझेल दबत नाही. टाकी कोरडी पडू दिली की इंजिनाने ‘एअर धरली’ असे म्हणत, आणि ती काढण्याचा विधी शिवारातल्या पोरासोरांनाही येई. गाळणीवरचा स्क्रू दोन आटे सैल करायचा. आधी फेस येतो, मग फेसात धार मिसळते, मग निर्मळ धार लागते. तेव्हा स्क्रू आवळून पंपाशी तोच प्रकार करायचा, आणि शेवटी नोझलची नळी सैल करून हँडल फिरवायचे. टाकीकडून नोझलकडे, पायरी न चुकवता. हा क्रम बोटांत बसलेले तरुण पुढे मोटारीच्या कामाला आले, आणि जुन्या पिकअपच्या दोषाचा तपास ज्या शिस्तीने होतो तिची घडण येथे, विहिरीच्या काठावर झाली.

रस्त्यावरचे डिझेलही याच काळात हळूहळू रुळत होते. डिझेलच्या पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन जर्मनीत बॉशने १९२७ साली सुरू केले. त्याच बॉशच्या सहकार्याने १९५१ साली बंगलोरला मोटार इंडस्ट्रीज कंपनी निघाली आणि तिच्या आद्याक्षरांवरून ‘मायको’ हे नाव गावोगावच्या गॅरेजांच्या पाट्यांवर चढले. पुढे तिचे नोझल आपल्या नाशिकला, सातपूरच्या वसाहतीत तयार होऊ लागले. १९५४ पासून जमशेदपूरच्या टाटा-मर्सिडीज लॉऱ्या धावू लागल्या. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष कुंदनमल फिरोदिया यांचे चिरंजीव, नगरचे नवलमल फिरोदिया यांनी १९५८ साली बजाज टेम्पो ही कंपनी उभी केली, आणि तिच्या तीनचाकी गाडीपासून पुढच्या मॅटॅडोर व ट्रॅक्सपर्यंतच्या वाहनांनी लॉरी आणि बैलगाडी यांच्यामधली रिकामी जागा भरली. जीप मात्र बराच काळ पेट्रोलवरच होती. १९७३ च्या तेलसंकटाने पेट्रोलचे भाव चढले तेव्हा तिची कोंडी झाली, आणि महिंद्रांनी आपल्याच ट्रॅक्टरांत चालणारे इंटरनॅशनल जातीचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले.

या एका निर्णयाचा परिणाम खेड्यातल्या मिस्त्रीवर काय झाला असेल, हे विचारात घेण्यासारखे आहे. ज्या इंजिनाशी तो शेतात परिचित होता तेच आता जीपच्या बॉनेटखाली आले. भेद एवढाच की ट्रॅक्टरात टाकी इंजिनाच्या वर असते, जीपमध्ये आणि तिच्यापासून निघालेल्या पिकअपमध्ये ती मागे, चासीशी, पंपाहून खालच्या पातळीवर असते. डिझेल आता वरून उतरत नाही. ते ओढून आणावे लागते. हे काम मुख्य पंपाच्या कुशीला बसवलेला ‘फीड पंप’ करतो, त्याच्या माथ्यावर हाताने दाबायची प्रायमरची मूठ असते, आणि तो डिझेल गाळणीतून मुख्य पंपाच्या पोटात चौरस सेंटिमीटरला साधारण एक ते दीड किलोच्या दाबाने भरीत राहतो. कमी दाबाचा सारा रोग या एक-दीड किलोच्या प्रदेशात होतो.

लक्षणे चालकाच्या तोंडून ऐकावीत. गाडी मोकळी असता नीट पळते. कांद्याच्या गोण्या किंवा काष्टीच्या बाजाराची जनावरे भरून चढाला लागली की दम टाकते, पाय तळाला गेला तरी वेग धरत नाही, झटके मारते, आणि थांबवल्यावर प्रायमर मारल्यावाचून पुन्हा उठत नाही. मिस्त्री विचारतो, धूर कसा आहे? काळा धूर येत असेल तर डिझेल पोहोचते आहे आणि नीट जळत नाही; तेव्हा दोष नोझलचा किंवा हवेच्या गाळणीचा. धूर नाही आणि ताकदही नाही, तर इंजिन उपाशी आहे. मोकळ्या गाडीला थोडे डिझेल पुरते म्हणून दोष लपतो. भार पडला की मागणी वाढते आणि पुरवठ्याची तूट उघडी पडते.

मग तपास टाकीपासून निघतो. आधी टाकीचे झाकण सैल करायचे: हवा आत खेचली गेल्याचा आवाज आला तर झाकणातले श्वासाचे छिद्र बुजले आहे, आणि काही पैशांच्या कामात रोग संपतो. नाही आला तर टाकीत बुडालेल्या नळीच्या तोंडाची जाळी, जिच्यावर गंज आणि गाळ चढतो. त्यानंतर चासीच्या कडेने येणारी ओढनळी. या नळीतला दोष फार फसवा असतो, कारण तिच्यात दाब नसून ओढ असते; तडा गेलेल्या रबरी नळीतून किंवा झिजलेल्या तांब्याच्या वॉशरातून डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत शिरते, आणि जमिनीवर एक थेंबही दिसत नाही. त्यासाठी मिस्त्री फीड पंपाच्या तोंडाशी वीतभर पारदर्शक नळी जोडतो आणि इंजिन चालू ठेवून तिच्याकडे पाहत बसतो. डिझेलची पिवळसर कांडी स्थिर दिसली तर ओढनळी निर्दोष. तीत मोहरीएवढे बुडबुडे धावू लागले की सांधा कोठेतरी हवा घेतो आहे, आणि मग मागे सरकत एकेक सांधा आवळीत जायचे. गाळण्या दोन: पहिली कापडी, दुसरी कागदी. त्या तुंबल्या तरी दाब पडतो, म्हणून गेज असलेला मिस्त्री गाळणीच्या आधी आणि नंतर दोन्ही ठिकाणी दाब पाहतो. दोहोंत मोठे अंतर दिसले तर दोषी गाळणी. शेवटी परतीच्या वाटेवरचा झडपेचा गोळा आणि स्प्रिंग, जी मऊ पडली की दाब टिकण्याऐवजी सारे डिझेल टाकीकडे परत वाहते.

याहून निर्णायक अशी एक चाचणी आहे, आणि तिच्यात मला या मुलखाचा सारा यांत्रिक इतिहास एकवटलेला दिसतो. मिस्त्री मागून येणारी नळी सोडतो, डिझेलचा डबा किंवा बाटली बॉनेटच्या वर उंच टांगतो, तिच्यातून नळी थेट पंपाला लावतो आणि त्या अवस्थेत गाडी चालवून पाहतो. गाडी चढ घेऊ लागली तर पंप निर्दोष. दोष टाकी, ओढनळी किंवा फीड पंप यांत. तरीही दम टाकला तर मात्र मुख्य पंप उतरवून कॅलिब्रेशनला पाठवायचा. ही चाचणी म्हणजे दुसरे काय, पिकअपला घटकाभर विहिरीवरचे इंजिन करणे! टाकी वर, पंप खाली. फोर्डच्या जुन्या मोटारीने जे केले आणि किर्लोस्करच्या इंजिनाने जे शिकवले, तेच येथे निदानाचे साधन झाले. ज्याने हे आधी केले नाही आणि गाडी येताच पंप उतरवला, त्याने मालकाचा पैसा आणि दोन-तीन दिवस वाया घालवले असे मी स्पष्ट म्हणेन. कुजलेल्या नळीपायी चांगले पंप उघडले गेल्याची उदाहरणे या धंद्यात सर्वत्र सापडतात.

पंपच झिजला असेल तर प्रश्न उरतो तो का झिजला हा, आणि त्याचे उत्तर गॅरेजच्या बाहेर आहे. पंपाच्या प्लंजरला वंगण मिळते ते डिझेलचेच. रेशनवरचे स्वस्त रॉकेल डिझेलात मिसळण्याचा अपराध दीर्घकाळ चालला, आणि रॉकेलात ते वंगण फार अल्प असल्याने मायक्रॉनांच्या मापाने घासून बसवलेले प्लंजर खरवडले गेले. दाब उतरला, गाडी सकाळी उठेना, आणि मालकाने दोष मिस्त्रीला दिला. या भेसळीमागे किती मोठे हितसंबंध होते हे साऱ्या महाराष्ट्राला २५ जानेवारी २०११ रोजी कळले, जेव्हा मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाच्या काळ्या व्यवहाराची चौकशी करीत असता जिवंत जाळण्यात आले. मनमाड या मुलखाला अगदी परके नाही. त्याच दौंड-मनमाड मार्गाचे ते उत्तर टोक आहे. पंपाच्या दाबाचा विचार करताना त्या प्रामाणिक अधिकाऱ्याचे स्मरण होणे मला अस्थानी वाटत नाही.

भेसळीखालोखाल पाणी. गावात पेट्रोलपंप नसे तेव्हा डिझेल बॅरलातून आणि कॅनमधून साठवले जाई, आणि अर्धी रिकामी टाकी थंडीच्या रात्री उभी राहिली की आतल्या पत्र्यावर दव धरे. पाणी जड असल्याने तळाशी जाते आणि नेमके तेथूनच नळी उचलते. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळांत पाण्याच्या प्लॅस्टिकच्या टाक्या आणि जनावरांच्या छावणीचा चारा वाहणाऱ्या पिकअप या भागात दिवसरात्र चालल्या, तळ गाठेपर्यंत चालल्या; आणि टाकीचा तळ गाठला की वर्षानुवर्षांचा गाळ गाळणीकडे निघतो. गाळणीच्या बुडाचा स्क्रू सोडून पाणी काढण्याचे एक मिनिटाचे काम ज्यांनी आठवड्याला केले त्यांच्या गाड्या टिकल्या.

२०१० नंतर, प्रदूषणाचे नियम कडक होत गेले तशी, पिकअपच्या इंजिनात कॉमन रेलची पद्धत आली. आता एका जाड नळीत डिझेल हजार ते सोळाशे बारच्या दाबाने सज्ज राहते आणि संगणक ठरवील त्या क्षणी ते इंजेक्टरमधून सुटते. विहिरीच्या काठची एक रीत येथे कायमची बंद झाली: इंजिन फिरवीत असता नोझलची नळी सैल करून हवा काढणे. त्या दाबाची सुईसारखी धार कातडीतून थेट मांसात शिरते आणि बोट गमावण्याची पाळी येते, हे प्रत्येक शिकाऊ पोराला पहिल्याच दिवशी सांगितले पाहिजे. दाब उतरला की दिवा पेटतो, गाडी आपणहून ताकद आखडते, आणि मालक म्हणतो, ‘स्कॅनर लावा.’ स्कॅनर सांगतो एवढेच की रेलचा दाब अपेक्षेहून कमी आहे. तो जाळीने कमी झाला, गाळणीने, हवा घेणाऱ्या सांध्याने, पंपाने की गळक्या इंजेक्टरने, हे तो बहुधा सांगत नाही; ते मिस्त्रीलाच शोधावे लागते, आणि शोधाचा क्रम टाकीपासूनच निघतो. पारदर्शक नळी कमी दाबाच्या बाजूला आजही लागते. तिने काही दाखवले नाही तर चारही इंजेक्टरांच्या परतीच्या बारीक नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतात आणि इंजिन काही मिनिटे चालू ठेवतात. ज्या बाटलीत डिझेल इतरांहून भरभर चढते, त्या सिलिंडरचा इंजेक्टर दाब धरीत नाही, आणि मग चार न उतरवता तेवढा एकच उतरवून तपासणीला नगरला धाडतात.